फवारणीनं डोकं काहून फिरते? मेंदूचं संशोधन आणि आपल्याकडची पोरं

आमच्या गावचा बाजार गुरुवारचा. दरवर्षी बारावीला मज्जासंस्था शिकवायची वेळ आली की मी आदल्या दिवशीच मटणवाल्या भाऊला सांगून ठेवते, एक भेजा अख्खा काढून ठेवा, फोडू नका. आता त्याला सवय झाली, पण पहिल्या वर्षी त्यानं विचारलंच होतं, "मॅडम, फ्राय कराले नेता का रस्स्यात टाकता?" तर तो भेजा स्टीलच्या डब्यात मिठाच्या पाण्यात घालून वर्गात न्यायचा, बाकावर वर्तमानपत्र पसरायचं आणि पोरांना बोट लावू द्यायचं. वरचं पातळ आवरण सोलायचं, त्या वळ्या बघायच्या, मागचा लहान मेंदू फुलकोबीसारखा दिसतो तो वेगळा करून दाखवायचा. चार पोरं नाक दाबून मागे सरकतात, दोन पोरी मात्र हातात घेतल्याशिवाय राहत नाहीत.

मग मी नेहमीचं सांगते. हा बोकडाचा मूठभर, माणसाचा १३०० ते १४०० ग्रॅमचा, त्यात अंदाजे ८६ अब्ज चेतापेशी, वजन शरीराच्या २ टक्के पण खाते २० टक्के ऊर्जा. पोरं लिहून घेतात. तर चारेक वर्षांपूर्वी भेजा हातात घेतलेल्या पोरींपैकी एकीनं मधेच विचारलं, "मॅडम, फवारणी केल्यावर डोकं काहून फिरते? आन माह्या बाबाचे हात अजूनई काहून थरथरतेत?"

पुस्तकात अॅसिटिलकोलीन हा शब्द आहे. फवारणी हा शब्द नाही. पण तिच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर त्याच धड्यात आहे, म्हणून आधी तेच सांगते, बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे.

चेतापेशी आणि स्नायू एकमेकांना चिकटलेले नसतात, मधे बारीकशी फट असते. मेंदूनं हुकूम दिला की चेतापेशीच्या टोकातून अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन त्या फटीत सुटतं, पलीकडच्या स्नायूवर त्याच्यासाठी जागा असतात त्यांना रिसेप्टर म्हणतात, तिथं जाऊन बसलं की स्नायू आवळतो. काम झालं की ते रसायन लगेच साफ व्हायला पाहिजे, नाहीतर स्नायू आवळलेलाच राहील, त्यासाठी फटीत एक एन्झाइम बसलेलं असतं, ते डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं झाडून काढतं. आता आपल्याकडे कपाशीवर मारत आले त्यातली कितीतरी औषधं, मोनोक्रोटोफॉससारखी, ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची. ती नेमकी या झाडणाऱ्या एन्झाइमलाच जाम करतात. म्हणजे वावरातल्या मोटरचं चालू करायचं बटन दाबलं आणि बंद करायचं बटन कोणीतरी उपटून नेलं असं समजा. किडीचं जे होतं तेच माणसाचं होतं. डोकं गरगरतं, तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, अंग फडफडतं, आणि डोस जास्त असला तर शेवटी श्वास थांबतो. डॉक्टर अॅट्रोपीन देतात ते याच साखळीत मधे घुसायला.

२०१७ चा पावसाळा आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कोणी विसरलं नाही. त्या साली कपाशी माणसापेक्षा उंच वाढली होती, दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होते, तोंडाला लावायला दुपट्ट्याशिवाय काही नाही आणि पंप पाठीवर. जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. त्यात जास्त करून मजूर, म्हणजे वावर दुसऱ्याचं, फवारा दुसऱ्याचा, नाक-तोंड मात्र यांचं. या पोरीचा बाप त्यातून वाचलेला. हाताची थरथर त्या विषाचीच की दुसरं काही कारण आहे हे मी तिला सांगू शकले नाही, एका पेशंटकडे बघून तसं कोणालाच सांगता येत नाही, त्यासाठी शेकडो फवारणीवाल्यांना वर्षानुवर्षं तपासावं लागतं. म्हणजेच संशोधन. आणि ते करणार कोण?

इथं एक गंमत सांगते, मला स्वतःला ही फार आवडते. आपल्याकडचा मण्यार साप माहीत आहे ना, रात्री खाली झोपलेल्या माणसाला चावतो, बहुतेकदा धड दुखतही नाही, सकाळी पापण्या वर होत नाहीत, आवाज जातो. त्याचं विष फवारणीच्या उलटं काम करतं, त्यातला एक घटक त्या रिसेप्टरच्या जागेवरच जाऊन बसतो, म्हणजे मोटर चालूच होत नाही. मण्यारचा एक चुलतभाऊ तैवानमध्ये असतो. तिथंही साप चावून माणसं मरत होती म्हणून तिथल्या शास्त्रज्ञांनी, चँग आणि ली यांनी, १९६३ मध्ये त्याच्या विषातून बंगारोटॉक्सिन वेगळं काढलं. मग लक्षात आलं की हे विष रिसेप्टरला इतकं घट्ट धरून बसतं की त्याला आकडा बनवून रिसेप्टरच ओढून बाहेर काढता येईल, आणि १९७० च्या सुमारास ते झालंसुद्धा. चेतापेशींच्या निरोपाची जागा हातात धरून अभ्यासता यायला लागली ती अशी. आता विचार करा, हे विष लंडन-पॅरिसच्या कोणाला घरी बसून कसं सापडलं असतं, तिथं मण्यारच नाही. ज्याच्या घरात साप निघतो त्यालाच सापाचा प्रश्न पडतो.

मला एवढंच सांगायचं आहे खरं तर. मेंदूच्या संशोधनात कमी दिसणाऱ्या समाजातली पोरं आली पाहिजेत असं म्हटलं की लोकांना वाटतं ही दयामाया चालली, कोटा भरायचं काम चाललं. बापा, तसं नाही. त्यांच्यासोबत त्यांचे प्रश्न येतात. ती दाराबाहेर राहिली की प्रश्न पण बाहेर राहतात, मग कोणाला कळतही नाही की काहीतरी विचारायचं राहून गेलं.

एक शब्द आधी साफ करून घेऊ. अमेरिकेत 'अंडररिप्रेझेंटेड मायनॉरिटी' असा शब्द वापरतात, आपण मायनॉरिटी ऐकलं की लगेच धर्माकडे जातो. इथं अर्थ साधा आहे, लोकसंख्येत जितके आहेत त्या मानानं लॅबमध्ये फार कमी दिसतात ते. तिकडे कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळनिवासी. आपल्याकडे आदिवासी, दलित, भटके-विमुक्त, गरीब मुस्लीम, आणि यातल्याच खेड्यातल्या पोरी म्हणजे सगळ्यात शेवटी.

आता प्रश्न बाहेर राहतात म्हणजे काय, याची उदाहरणं बघा. २०१० मध्ये हेन्रिक नावाचा संशोधक आणि त्याच्या दोन सोबत्यांनी एक लेख लिहून बराच गोंधळ उडवून दिला. त्यांचं म्हणणं, मानसशास्त्राच्या मोठ्या जर्नलमधल्या अभ्यासांत ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यातले ९६ टक्के लोक अशा श्रीमंत पाश्चात्त्य देशांतले, जिथं जगाची फक्त १२ टक्के लोकसंख्या राहते. म्हणजे 'माणसाचं मन असं चालतं' म्हणून जे छापून येतं ते बऱ्याचदा अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोराचं मन असतं.

दुसरं उदाहरण केसांचं. मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजायला ईईजी करतात, डोक्यावर टोपी चढवतात, तिच्या प्रत्येक चकतीचा कातडीला नीट स्पर्श व्हायला पाहिजे. दाट कुरळ्या केसांवर ती टोपी बसतच नाही, मग आफ्रिकन वंशाच्या लोकांचा सिग्नल खराब येतो म्हणून त्यांना अभ्यासातून वगळलं जायचं. अमेरिकेत कार्नेगी मेलनमध्ये आर्नेल एतिएन नावाची एक कृष्णवर्णीय विद्यार्थिनी होती, तिनं डोकं चालवलं, केस डोक्याला चिकटून बारीक वेण्यांत गुंफायचे म्हणजे मधे कातडीच्या रेघा मोकळ्या होतात, आणि त्या वेण्यांच्या खाली अडकून घट्ट बसेल अशी इलेक्ट्रोडची क्लिप बनवायची. २०२० मध्ये ते काम बाहेर आलं. क्लिपचं नाव ठेवलं सेव्हो, हैतीच्या क्रिओल भाषेत त्याचा अर्थ मेंदू. वेणीफणी ज्या पोरीनं आयुष्यभर केली तिला ते सुचलं, यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही. आमच्या वर्गातल्या पोरी तर खोबरेल तेल चोपडून दोन वेण्या घालून येतात, तेलावर ती चकती टिकत नाही, केस धुवून या म्हणून सांगावं लागतं, आणि उन्हाळ्यात टँकरच्या गावात केस धुवून या म्हणणं सोपं आहे का?

भाषेचं तर विचारूच नका. एकट्या विदर्भात बघा किती खजिना पडला आहे. मराठी आर्य कुळातली, यवतमाळकडची कोलामी आणि गडचिरोलीकडची गोंडी, माडिया द्रविड कुळातल्या, मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली, आणि बुलडाण्याकडे जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलणारे थोडे लोक आहेत, त्या भाषेचं जगातल्या कोणत्याच भाषेशी नातं अजून जुळलेलं नाही. मेंदूत भाषा कशी राहते याचा अभ्यास करणाऱ्याला याहून काय पाहिजे राजेहो. पण लकवा मारलेल्या कोलाम आजीची वाचा किती गेली हे तपासायचं तर डॉक्टर मराठीत नाहीतर हिंदीत विचारणार, ती गप्प बसली तर मेंदू गप्प आहे की भाषा परकी आहे हे कोण सांगणार? असाच घोळ विसरभोळेपणाच्या तपासणीत होता. अमेरिकेतल्या चाचणीत एक वाक्य लिहा, १०० मधून ७-७ वजा करत जा असं असतं. जी आजी शाळेतच गेली नाही ती त्यात नापास, म्हणजे तिला स्मृतिभ्रंश असं ठरणार. म्हणून हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत मेरी गांगुली आणि त्यांच्या टीमनं १९९५ च्या सुमारास निरक्षर माणसाला जमेल अशी हिंदी चाचणी बसवली. कोलामीत, कोरकूत तसं बसवायचं तर ती भाषा घरात बोलणारा शास्त्रज्ञ लागेल.

सिकलसेल, म्हणजे मायबापाकडून येणारा रक्ताचा आजार, आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, तपासणीनंतर मिळणारं लाल कार्ड, पिवळं कार्ड, लग्न जुळवताना दबक्या आवाजात विचारतात. हातपाय दुखतात, रक्त चढवावं लागतं इथपर्यंत माहिती असते, पण हा आजार मेंदूलाही गाठतो हे फार जणांना माहीत नसतं. विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या पेशींमुळे मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि लहान लेकरालाही लकवा मारू शकतो. कधी तर झटका दिसतच नाही, आत बारीक जखमा होतात, पोरगं शाळेत मागं पडतं आणि आपण म्हणतो ध्यान देत नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये एक मोठी चाचणी छापून आली, कानशिलावर सोनोग्राफीसारखं यंत्र लावून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजायचा, सेकंदाला २०० सेंटिमीटरच्या वर गेला की धोका, अशा लेकरांना नियमित रक्त दिलं तर लकव्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास खाली आलं. पण ती पोरं अमेरिकेतली. आपल्याकडच्या सिकलसेलची जनुकीय घडण वेगळी आहे, तिला अरब-इंडियन म्हणतात, तिकडचा आकडा इकडे जसाच्या तसा कसा लावायचा? २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, चांगलंच आहे. पण तपासणी म्हणजे कोणाला आहे हे कळणं. त्या लेकराच्या मेंदूत काय चाललंय हे विचारणारा वेगळा लागतो.

ठीक आहे, मग फवारणीचं विचारणारी ही पोरगी मेंदूच्या लॅबपर्यंत पोचणार कशी?

रस्ता असा. आपल्याकडे बीएस्सीला मेंदूविज्ञान असा वेगळा विषय सहसा नसतो, म्हणजे झूलॉजी, बायोटेक, फिजिक्स, सायकॉलॉजी, काहीही करून एमएस्सी, मग नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी महिन्याची फेलोशिप मिळवून देणारी परीक्षा, किंवा त्या त्या संस्थेची परीक्षा, मग पाच-सहा वर्षं पीएचडी. ठिकाणं म्हणजे बंगळुरूचं निमहान्स, आयआयएससी, एनसीबीएस, हरियाणात मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र, मुंबईचं टीआयएफआर, पुण्याचं आयसर. जेआरएफला २०२३ पासून महिना ३७ हजार, दोन वर्षांनी ४२ हजार, वरून घरभाडं. हा आकडा मी मुद्दाम पालकांच्या मीटिंगमध्ये फळ्यावर लिहिते, कारण आपल्याकडे पीएचडी म्हणजे पैसे भरून शिकायचं असंच सगळ्यांना वाटतं. एकदा एका कास्तकार भाऊंनी विचारलं, "म्हणजे पोट्टी शिकनार आन सरकार तिले पगार देनार?" हो भाऊ, तसंच.

पण ३७ हजार कागदावर आहेत. माझा एक जुना विद्यार्थी, दुसऱ्या एका विषयात पीएचडी करतो, त्याची फेलोशिप एकदा आठ महिने अडकली. कधी हजेरीचं प्रमाणपत्र गाईडची सही नाही म्हणून परत, कधी आधार बँकेला जोडलेलं नाही म्हणून परत, कधी 'वरून निधी आला नाही'. तो पोरगा दिवसा लॅबमध्ये आणि रात्री एका ट्यूशन क्लासचे पेपर तपासायचा, घरी तर सांगताही येत नव्हतं कारण घरचे त्याच्याकडूनच पैशाची वाट बघत होते. गाईड म्हणाले, हल्ली तुझं लक्ष नाही.

लक्ष नाही हे खरंच होतं, आणि त्याचं कारण मेंदूविज्ञानालाच माहीत आहे. २०१३ मध्ये सायन्स जर्नलमध्ये तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास आला होता, ४६४ शेतकरी. ऊसवाल्याचा पैसा वर्षातून एकदा येतो, म्हणजे तोडणीच्या आधी कडकी आणि नंतर सुकाळ. संशोधकांनी त्याच माणसाला आधी आणि नंतर कोडी सोडवायला दिली. माणूस तोच, डोकं तेच, पण कडकीच्या दिवसांत कोडी कमी सुटली. पैशाची चिंता डोक्यातली जागा अडवून बसते, कामाला जागा उरत नाही. कापूस विकायच्या आधीचा दिवाळीचा बाजार ज्यानं केला त्याला हे सायन्स जर्नलनं सांगायची गरज नाही म्हणा. तर फेलोशिप वेळेवर देणं म्हणजे उपकार नाही, यंत्राला वीज देण्यासारखं आहे. मायक्रोस्कोपचं कनेक्शन आठ महिने तोडून कोणी म्हणेल का की हा मायक्रोस्कोप हुशार नाही?

पैशाच्या पुढं आणखी एक भिंत आहे, ती दिसत नाही. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यातल्या सहावी-सातवीच्या पोरांना कागदावरच्या भूलभुलैया सोडवायला दिल्या, २००६ मध्ये ते छापून आलं. जात कोणाची हे जाहीर केलं नाही तेव्हा वरच्या जातीची आणि खालच्या मानलेल्या जातीची पोरं जवळपास सारखीच. मग दुसऱ्या गटात सगळ्यांसमोर नाव, बापाचं नाव आणि जात वाचून दाखवली, तर दलित पोरांच्या सुटलेल्या भूलभुलैया एकदम कमी झाल्या. कोणी शिवी दिली नाही, कोणी मारलं नाही, नुसती जात वाचली.

आता मोठ्या संस्थेत पहिल्या दिवशी काय होतं, 'पूर्ण नाव काय?', 'रँक किती होती?', 'कोणत्या कॅटेगरीतून?' विचारणारा बऱ्याचदा सहजच विचारतो असं धरून चालू. भूलभुलैयाचं काय होतं ते मात्र आपण आत्ता वाचलं. आपल्याच अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या समितीनं २००७ मध्ये दिल्लीच्या एम्सचा अहवाल दिला होता, एससी-एसटी विद्यार्थ्यांना वेगळं पाडलं जातं, शिक्षकांचा आधार मिळत नाही असं त्यात आहे, ज्यांना उत्सुकता आहे त्यांनी शोधून वाचावा, जड नाही.

आणि कायद्यातली एक ओळ. केंद्राच्या शिक्षणसंस्थांमध्ये शिक्षकांच्या भरतीत आरक्षण देणारा कायदा २०१९ मध्ये झाला. त्याच्या शेवटी एक यादी जोडलेली आहे, या संस्थांना तो लागू नाही, त्या 'उत्कृष्टतेच्या' संस्था म्हणून. त्या यादीत टीआयएफआर आहे आणि राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रही आहे. म्हणजे नेमकं मेंदूचं काम जिथं चालतं तिथंच शिकवणाऱ्याच्या खुर्चीसाठी ही सक्ती नाही. त्या संस्थांतलं काम उत्तम आहे यात मला काही शंका नाही. पण उत्कृष्टता आणि आरक्षण एका ताटात बसत नाहीत असं ज्या कोणी ठरवलं, त्यानं ते कुठल्या प्रयोगातून ठरवलं हे मला बघायचं आहे.

अमेरिकेनं यात काय केलं तेही बघू, त्यांच्याकडे निदान मोजमाप तरी होतं. २०११ मध्ये जिंथर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शिक्षण, अनुभव, छापलेले पेपर सगळं जमेस धरूनही कृष्णवर्णीय शास्त्रज्ञांना सरकारी आरोग्य संशोधनाची ग्रँट मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा १० टक्के अंकांनी कमी. मग २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट बाहेर आली, मला ती जास्त महत्त्वाची वाटते. या फरकाचा २० टक्क्यांहून जास्त भाग विषयाच्या निवडीतून येत होता. कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ समाजाच्या आरोग्याचे, वस्तीतल्या लोकांचे विषय जास्त मांडत आणि तसल्या विषयांनाच मुळात ग्रँट कमी मिळत होत्या. म्हणजे माणूस आत घेतला तरी त्याचा प्रश्न बाहेरच. आमची पोरगी उद्या म्हणाली की मला फवारणीवाल्यांच्या मेंदूवर काम करायचं आहे आणि समोरचे म्हणाले, हे काही मेंदूविज्ञान नाही, हे आरोग्य खात्याचं काम, तर तेच झालं.

तिकडच्या तरुण पोरांनी स्वतः पण हातपाय हलवले. २०२० च्या जुलैत अँजेलिन ड्यूक्स नावाच्या पीएचडी करणाऱ्या पोरीनं ट्विटरवर सहज विचारलं आणि त्यातून ब्लॅक इन न्यूरो उभं राहिलं, आठवडाभर लोक आपापलं काम दाखवत होते, बऱ्याच जणांना पहिल्यांदा कळलं की आपल्यासारखे आणखी आहेत. सरकारी पैशावरचे मेंटरिंगचे, फेलोशिपचे प्रोग्रॅमही होते, २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं त्यातल्या कितीतरींचे पैसे तोडले. उभं करायला वीस वर्षं लागतात, मोडायला एक पत्र पुरतं.

आपल्याकडे काय आहे? नावं बरीच आहेत. वेगवेगळ्या समाजांच्या पोरांना मदत करणाऱ्या राज्याच्या संस्था, बार्टी, सारथी, टीआरटीआय पुण्याला, महाज्योती नागपूरला, केंद्राच्या एससी-एसटीसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिप, बारावीत बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात आलेल्यांना बीएस्सीसाठी केंद्राच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाला ८० हजार, तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप. या शेवटच्यावर माझा फार जीव आहे. दोन महिने खऱ्याखुऱ्या लॅबमध्ये, जाण्यायेण्याचं भाडं आणि थोडं मानधन, आणि बीएस्सीच्या पोरालाही मिळू शकते. पण फॉर्म भरायचा हिवाळ्यात, म्हणजे ऐन कापूस वेचणीत, आणि त्यात इंग्रजीत लिहायचं की तुला काय संशोधन करायचं आहे. जिनं लॅब कधी पाहिलीच नाही ती काय लिहिणार? पहिल्या ड्राफ्टला आमच्या पोरीनं लिहिलं होतं, आय वॉन्ट टू सर्व्ह द नेशन. मी म्हटलं हे खोड, तू मला वर्गात जे विचारलं होतं ते लिही. ती म्हणे, "ते लिहू? ते तर आपल्या घरचं आहे न मॅडम." तेच लिही म्हटलं.

झाली निवड. घरच्यांना समजवायला मी स्वतः गेले, तिच्या मायनं चहा दिला आणि एकच विचारलं, तिथं पोरीसोबत कोण राहीन? प्रश्न बरोबर होता, माझ्याकडे उत्तर नव्हतं, मी फोन करून तिथल्या एका सीनियर मुलीचा नंबर काढला, चंद्रपूरकडची होती, तिनं मायशी फोनवर वऱ्हाडीत अर्धा तास गप्पा मारल्या आणि काम झालं. मला विचाराल तर सगळ्या योजनांत नसलेली गोष्ट हीच. एक ओळखीचा आवाज, जो सांगेल की मेसमध्ये भाकर मिळत नाही पण पोट भरते, सेमिनारमध्ये पहिले सहा महिने काही कळत नाही ते सगळ्यांचंच होते, गाईडला मेल करताना चार वेळा सॉरी लिहायचं नसते. मोठ्या घरच्या पोरांना हे सगळं जेवताना फुकट मिळतं, मामा प्रोफेसर असतो, आत्या डॉक्टर असते. आमच्या पोरांना त्यासाठी नंबर शोधावा लागतो.

आता ती एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, बाहेरगावी. पुढं जेआरएफ लागतं की नाही माहीत नाही. दिवाळीत आली तेव्हा घरी गेले होते. अंगणात कापसाचे गाठोडे, बाप बाजेवर बसलेला, आणि ही त्याच्यासमोर वही धरून बसली होती. त्याला पेननं गोल गोल आतून बाहेर जाणारी रेघ काढायला लावत होती. थरथर मोजायची ही जुनीच पद्धत आहे, डॉक्टर लोकही वापरतात, रेघ किती वाकडी होते त्यावरून कळतं. बाप म्हणे, "जलेबी काढाले लावते मले ही." तरी काढली त्यानं, जीभ दाताखाली धरून, हळूहळू, रेघेला सगळीकडे बारीक दात आलेले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हे संशोधन नाही हं मॅडम, त्याले एथिक्स कमिटीची परवानगी लागते, मी नुसता सराव करून रायली." मग बापाला विचारलं, बाबा, तुमच्यासोबत त्या साली पंप घेऊन कोण कोण होतं? तो बोटं मोजायला लागला. एका हाताची झाली, दुसऱ्या हाताची झाली, मग मायनं आतून आवाज दिला, "आन तो खालच्या वेटाळातला राह्यला न."